उलटा हात

खोकं तसंच राहू दे मांडीवर, सूनबाई. उघडू नकोस अजून. दिवा छान आहे, मी बघितला मघाशी. पितळेचा आहे, साखळीला लटकतो, काच फुलासारखी उमललेली. दुकानात तर आणखीच छान दिसला असेल. दिव्याला मी नावं ठेवत नाही. फक्त तो बाथरूममध्ये लावायचा म्हणताय, आणि तोही शॉवरच्या वर, म्हणून म्हटलं थोडा वेळ बसा.

"काका, तुम्ही जन्मभर फरश्या बसवल्या, लाइटातलं तुम्हाला काय कळतं?" असं आमचा पुतण्या आत्ताच म्हणाला. बरोबर आहे बाळा. मला काही कळत नाही. पण ज्याला कळत होतं तो माझा मित्र होता, आणि त्याच्याबरोबर जे झालं ते त्याने मला स्वतःच्या तोंडाने सांगितलंय. मी पदरचं काही घालणार नाही. तेवढी अक्कलही नाही मला.

जेवणं झालीत. घर नवं आहे, भिंतींतून वायरी नुसत्या लोंबताहेत, अजून एक दिवा लागलेला नाही. हा टॉर्च आहे तेवढा पुरे. तोही जमिनीवर ठेव, माझ्या डोळ्यांवर नको.

माझा तो मित्र वायरमन होता. मी फरशी बसवायचो, तो वायरी ओढायचा, त्यामुळे कितीतरी बाथरूममध्ये आम्ही दोघं पाठीला पाठ लावून काम केलंय. आम्ही सगळे त्याला उलटहात्या म्हणायचो. का, ते सांगतो. काम संपलं की तो टेस्टर लावून बघायचा, आणि मग टेस्टरवर भरवसा नसल्यासारखा त्या दिव्याला हाताच्या पाठीने हलकेच शिवायचा. वीज अंगात शिरली की माणसाची मूठ आवळते. तळहाताने धरलं असेल तर बोटं त्या वस्तूवरच आवळतात, सोडायचं म्हटलं तरी सुटत नाही. उलटा हात लावला असेल तर मूठ आवळताना हात मागे येतो. माणूस वाचतो. जुन्या वायरमन लोकांची खोड आहे ही. चांगली नाही, कोणी करू नये. पण त्याच्या हाताला ती अशी जडली होती की घरी चहाचा कप गरम आहे का, तेही तो उलट्या हाताने बघायचा. मुलगी तापली तर तिच्या कपाळाला उलटा हात. लहान होती तेव्हा ती पोर त्याच्या हाताची पाठ गालाला लावूनच झोपायची.

मी चिडवायचो, "अरे, बायकोला तरी सरळ हात लावतोस का?"

"आधी उलटाच," म्हणायचा. "झटका नाही बसला तर सरळ."

असा माणूस. हसरा. गरीब स्वभावाचा.

बाथरूमचा दिवा म्हटला की मात्र तो हट्टाला पेटायचा. पाणी उडेल तिथे झाकबंद दिवा. पांढरा, गोल, छताला चिकटलेला. काचेच्या झाकणाखाली रबराची काळी रिंग. ती रिंग नीट बसली की पाणी तर सोडाच, वाफसुद्धा आत जात नाही. बटण दाराच्या बाहेर. आणि मेन बोर्डात जरा काही झालं की आपोआप पडणारा स्विच. गिऱ्हाईक नाक मुरडायचं, हा कसला दिवा, दवाखान्यातला वाटतो. तो म्हणायचा, "आत्ता दवाखान्यासारखा वाटतोय ते बरं. नंतर दवाखाना बघायला लागण्यापेक्षा."

एकदाच त्याने ऐकून घेतलं. एका घरमालकाने भाड्याने द्यायला छोटं घर बांधलं होतं, आणि बाथरूम उठून दिसावी म्हणून दिवा आणला होता पितळेचा. साखळीवाला. काच फुलासारखी… हो सूनबाई, असाच.

उलटहात्या नको म्हणाला. मालक म्हणाला, "तू नको म्हणालास तर दुसरा वायरमन लावेल, दिवा तर लागणारच." मग याने लावला. आता पितळेच्या दिव्याला हिरवी वायर लागते, जमिनीत जाणारी. कुठे काही सुटलंच तर वीज त्या वायरीने निघून जाते, माणसात जात नाही. ती वायर त्या भिंतीपर्यंत आणलेलीच नव्हती, आणि बोर्डात तो आपोआप पडणारा स्विचही नव्हता. आणायची तर नव्या फरश्या फोडायला हव्या होत्या. माझ्याच फरश्या. संध्याकाळ झाली होती. तो मला काही बोलला नाही. मनात म्हणाला, उद्या करू. आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कामावर गेला.

त्या घरात नवराबायको राहायला आले. बाई तरुण होती. आंघोळ करताना दिवा साखळीवर हलत असेल, उजेड डोळ्यांवर येत असेल. तिने हात वर केला आणि दिवा धरला.

तळहाताने. आपण सगळेच तळहाताने धरतो.

नवरा कामावर होता. पाणी दाराखालून बाहेर आलं, अंगणात आलं, शेजाऱ्यांच्या पायाशी आलं, तेव्हा कोणीतरी दार फोडलं. पायांतला जोर गेला होता, पण ती पडली नव्हती. हाताने लटकली होती. वीज बंद करायला उलटहात्यालाच बोलावलं. वीज बंद केल्यावरही मूठ सुटेना. एकेक बोट उचकटून काढावं लागलं. ते यानेच काढलं.

पोलीस यायच्या आधी तो दिव्यापाशी एकटा होता. त्याने पिशवीतून हिरव्या वायरीचा तुकडा काढला आणि दिव्याच्या मागे खोचून दिला. कुठेच न जाणारा. नुसता दिसायला. आणि साहेब आले तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाला, "वायरिंग बरोबर आहे साहेब. बाईंनी ओल्या हाताने धरला. मी बजावलं होतं."

बजावलं वगैरे काही नव्हतं.

तिचा नवरा तिथेच उभा होता. ती खाली चादरीत. तो तिला म्हणाला, "एवढी कशी गं वेंधळी तू!" रडून नाही, रागावून म्हणाला. मग सगळी गल्ली तेच म्हणाली. बाई वेंधळी होती. दिव्याचा काय दोष? मालकाने दिवासुद्धा काढला नाही.

यातलं मला तेव्हा काही ठाऊक नव्हतं. हे सगळं त्याने पुष्कळ वर्षांनी सांगितलं, एकदमच, पुढचंही.

तो त्या घराकडे पुन्हा फिरकला नाही. ते घर बराच काळ कुलूपबंद होतं. इकडे त्याची मुलगी मोठी झाली. तिला घरात माऊ म्हणायचे. लग्न झालं, बाळ झालं. जावई चांगला, हसतमुख. भाड्याचं घर शोधत होते. एक दिवस माऊचा फोन आला.

"बाबा, घर मिळालं! आणि बाथरूम तर बघाच तुम्ही. शॉवरच्या वर दिवा आहे, पितळेचा, साखळीवाला. काच कशी माहितीये? फुलासारखी."

याने गल्ली विचारली. तिने सांगितली. तेच घर.

"बाबा? ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"आवडलं नाही का तुम्हाला?"

"तो दिवा बदलू आपण."

"अहो, तोच तर मला आवडलाय! तुम्ही आणि तुमचे दवाखान्याचे दिवे."

"माऊ, ऐक माझं."

"बरं बाबा, बदला. तुमच्यापुढे कोण बोलणार."

हे घर घेऊ नकोस, एवढं म्हणता आलं असतं. पण ती म्हणाली असती, का? आणि त्या 'का'ला उत्तर एकच होतं. ते त्याला द्यायचं नव्हतं. त्याने मनाची समजूत घातली. दिवा बदलला की झालं. दोष दिव्याचा आहे, घराचा नाही.

एकवीस डिसेंबरची रात्र होती. वर्षातली सगळ्यात मोठी रात्र. सकाळी माऊचं सामान येणार होतं. दिवसभर दुसऱ्या कामात अडकला होता, म्हणून जेवण करून, जावयाकडून किल्ली घेऊन, तो स्कूटरवरून निघाला. पिशवीत नवा पांढरा झाकबंद दिवा. रस्त्यात वारा नव्हता. नुसती थंडी. गल्लीतली घरं झोपली होती.

कुलूप काढलं. मेन स्विच बंद केला. बाथरूममध्ये स्टूल ठेवलं. टॉर्च दातांत धरला आणि चढला. दिव्याला टेस्टर लावला. काही नाही. उलटा हात लावला. काही नाही.

स्क्रू काढले. मागे तो हिरवा तुकडा होता. तसाच. त्याने खोचला होता तसाच. त्याने तो ओढून काढला आणि खिशात टाकला.

मग दिवा उतरवला. दिवा हवा त्याहून जड लागला. टॉर्च टाकून बघितलं. काचेच्या फुलात पाणी होतं. काठोकाठ.

घर बंद. गच्चीवरची टाकी रिकामी, ती सकाळी भरायची होती. त्याने दिवा वाकडा केला, पाणी खालच्या मोरीच्या जाळीत ओतलं. हातावरून गेलं ते.

कोमट होतं. साबणाचा वास होता.

तो घाबरला, असं तो म्हणाला मला. पण काम अर्धवट टाकायची त्याला सवय नव्हती. एकदाच टाकलं होतं. त्याने पितळेचा दिवा फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवला. नवा बसवला. रबराची रिंग खाचेत बोटाने गोल दाबत नेली, झाकण फिरवून घट्ट केलं, स्क्रू आवळले. खाली येऊन मेन चालू केला, बटण दाबलं.

लागला. पांढरा स्वच्छ उजेड. फरशीचा कोपरा न कोपरा दिसला. त्याने उलटा हात लावून बघितला. काही नाही. त्याला बरं वाटलं. माऊ नाक मुरडेल, म्हणाला मनात. मुरडू दे.

पिशवी उचलली. दाराशी जाऊन एकदा मागे बघितलं.

काचेच्या आत वाफ होती.

आतून. काच आतून धुरकटली होती, आणि एक थेंब खाली ओघळत होता.

मेन बंद. पुन्हा चढला. झाकण फिरवून काढलं. रिंग नव्हती. टॉर्च फिरवला. शॉवरच्या नळावर रिंग अडकवलेली होती. कपडे काढताना बाई हातातलं काढून खुंटीला अडकवते, तशी.

विसरलो असेन, म्हणाला. वय झालं.

पुन्हा बसवली. पुन्हा आवळलं. मेन चालू. उजेड.

वाफ.

मेन बंद. झाकण काढलं. रिंग नाही. या वेळी खाली जाळीवर पडली होती. ओली. उचलली तर तिला एक केस गुंडाळलेला. लांब.

तिसऱ्यांदा त्याने वेगळं केलं. मेन चालू करून आला आणि परत स्टुलावर चढून बसला. दिव्यापासून नजर हलवायची नाही. रिंग काचेतून दिसत होती, काळी, गोल, खाचेत घट्ट. तो बघत राहिला. बराच वेळ. डोळ्यांना पाणी आलं तरी बघत राहिला.

रिंग हलली.

खाचेतून सुटली. हळू. मनगटातून बांगडी काढावी तशी… थोडी अडली… मग निघाली.

दिवा गेला. दातांतला टॉर्चही गेला.

अंधार. कुठेतरी पाण्याचा एक थेंब पडला. मग दुसरा.

मागून आवाज आला. अगदी कानापाशी नाही. शॉवरच्या खालून.

"वेंधळी आहे ना मी."

त्याने विझलेला टॉर्च दातांतून काढला.

"हातातलं सारखं पडतं माझ्या. रिंगसुद्धा सांभाळता येत नाही."

…

"तूच सांगितलंस ना तसं? साहेबांना?"

तो म्हणाला, "चूक माझी होती."

थेंब पडला.

"आता कोण आहे इथे ऐकायला?"

…

"तेव्हा किती माणसं होती. तेव्हा नाही बोललास."

"उद्या माझी मुलगी येतेय इथे." तो म्हणाला. "अंगावरचं बाळ आहे तिला. तिने काही केलेलं नाही गं."

"मी काय केलं होतं?"

तुमच्याकडे याचं उत्तर असेल तर सांगा.

सूनबाई, जवळ सरक हवं तर. सरक. ऐका पुढचं.

मग उजेड झाला. पिवळा. त्याने वर बघितलं. त्याच्या डोक्यावर पितळेचा दिवा साखळीवर हलत होता. ओला. पेटलेला. पिशवीत गुंडाळून ठेवलेला तोच दिवा.

"धर," ती म्हणाली.

…

"सरळ हाताने. मी धरला तसा. मग तिला मी काही करणार नाही."

तो मला म्हणाला, "मी खरंच धरणार होतो रे." माझा गुडघा धरून म्हणाला. त्याने माऊचा चेहरा डोळ्यांसमोर आणला. बाळाचा आणला. हात वर केला. तळहात पुढे, बोटं उघडी. जवळ नेला. आणखी जवळ. पितळेची ऊब बोटांना लागली.

आणि हात फिरला.

"मी नाही फिरवला. शपथेवर सांगतो, मी नाही. हात फिरला." सगळ्या आयुष्याची खोड. शेवटच्या क्षणी मनगट आपोआप वळलं, आणि दिव्याला लागली ती हाताची पाठ.

झटका बसला. हात मागे आला. तो स्टुलावरून भिंतीवर आदळला आणि खाली पडला.

अंधार.

त्याला वाटलं, गेली.

मग आवाज आला. रागाचा नाही. अगदी मायेने बोलावं तसा.

"बरं… शहाणा आहे हो तुझा हात."

…

"आता तिचा कसा आहे बघते."

त्यानंतर पांढरा दिवा लागला. छताला नवा झाकबंद दिवा, रिंग खाचेत, काच कोरडी ठणठणीत. पिशवीत पितळेचा दिवा फडक्यात गुंडाळलेला. सगळं जिथल्या तिथे.

तो घरी गेला नाही. रात्रभर पायरीवर बसून राहिला. उजाडलं, टेम्पो आला. माऊ बाळाला घेऊन उतरली, मागून जावई. घरमालकही आला होता, आता म्हातारा झाला होता, भाडं घ्यायला. दोन हमाल, शेजारच्या दोन बायका, कोण आलंय बघायला. अशी सगळी माणसं.

"बाबा! रात्रभर इथेच होतात?" माऊ म्हणाली. "हात का असा धरलाय? लागलं का?"

"माऊ, आज इथे आंघोळ नको."

"का?"

जावई हसला. "बाबा, दिवा तुम्हीच बसवलात ना? मग भीती कोणाची? का स्वतःच्याच कामावर भरवसा नाही?"

हमाल हसले. मालकही हसला. मालकाने ओळखलं होतं याला. नजर न हलवता बघत होता.

त्याने तोंड उघडलं. आता सांगायचं, म्हणाला. तेव्हाही माणसं होती. आताही आहेत. सांगून टाकायचं.

माऊ वाट बघत उभी होती. डोळे मोठे करून. लहानपणी गोष्ट ऐकायला बसायची तशी.

"फरशी निसरडी आहे," तो म्हणाला.

बस. एवढंच.

"अहो बाबा, मी काय लहान आहे?" ती हसत आत गेली. सामानाच्या आवराआवरीने अंग आंबलं होतं, बाळाला झोपवून ती आंघोळीला गेली. कडी लागली तसा हा धावत बोर्डाकडे गेला आणि मेन बंद केला. घरात विजेचा कण ठेवला नाही. आणि दारापाशी येऊन उभा राहिला.

आतून माऊ म्हणाली, "बाबा, लाइट गेली वाटतं."

"जाऊ दे. खिडकीतून उजेड येतोय ना?"

"येतोय. आणि पाणी काय छान गरम आहे हो!"

त्याने जावयाकडे बघितलं. जावयाने त्याच्याकडे. गिझर अजून बसवलाच नव्हता. खोक्यात होता, टेम्पोत.

"माऊ, बाहेर ये."

…

"माऊ?"

पाण्याचा आवाज चालू होता. तेवढाच. आतल्या खोलीत बाळ उठलं आणि रडायला लागलं.

"माऊ!"

दार जावयाने फोडलं.

ती शॉवरखाली उभी होती. जिवंत होती. डोळे उघडे. एक हात वर केलेला. मूठ घट्ट आवळलेली. मुठीत काही नव्हतं. वर छताला तो पांढरा दिवा, विझलेला, पार दूर. ती हवा धरून उभी होती, आणि तिला सोडता येत नव्हतं.

डॉक्टरांनी सगळं बघितलं. भाजल्याची खूण नाही. विजेची नाही. हात खाली आला, दुखायचा थांबला, पण मूठ उघडली नाही. औषधं झाली, सुया झाल्या, भूल देऊन बघितलं. भूल दिली की बाकीचं अंग ढिलं पडायचं, मूठ नाही. उजवी मूठ. बाळाला उचलताना ती मनगटाने उचलायची, आणि बाळ निसटेल म्हणून घाबरायची.

मग उलटहात्याने सांगितलं. सगळ्यांना सांगितलं. पोलिसांकडे गेला, त्यांनी चहा पाजून घरी पाठवलं. मालक म्हणाला, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. त्या बाईच्या नवऱ्याला शोधून काढलं, त्याचा दुसरा संसार होता, मुलं मोठी होती. तो दारातच उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "आता सांगून काय उपयोग?" आणि दार लावून घेतलं. आणि माऊला सांगितलं तेव्हा ती त्याच्यावर ओरडली नाही, काही नाही. एकच विचारलं.

"बाबा, त्या दिवशी सगळे होते तेव्हा का नाही सांगितलंत?"

त्यानंतर तो उजवा हात कायम खिशात ठेवायचा. जेवायचाही डाव्या हाताने. नातू जवळ आला तरी खिशातून काढायचा नाही. गेल्या थंडीत गेला. मला हे सगळं सांगितलं त्यानंतर थोड्याच दिवसांत.

तो गेल्यावर मी माऊला भेटायला गेलो. सकाळची वेळ होती. ती आता दुसऱ्या घरात राहते. तिने डाव्या हाताने चहा केला, डाव्या हाताने कप पुढे केला. पोरगं आता चालतं, चालताना तिची ती मूठ धरतं, तेवढीच त्याला धरायला मिळते. मी म्हटलं, "बघू गं पोरी." तिने हात माझ्या मांडीवर ठेवला. मी दोन्ही हातांत घेतला. गार होता. कोरडा. बोटांची नखं आत वळलेली.

आम्ही तिच्या बाबांचं बोलत होतो. बोलता बोलता ती थांबली. उठून टॉवेल घेऊन आली आणि मुठीखाली धरला. रोजचं काम असल्यासारखा.

"काय झालं?" म्हटलं.

"रोज येतं काका. या वेळेला. आंघोळीच्या."

बोटांच्या फटीतून एक थेंब बाहेर आला. लोंबकळला. पडला. मग दुसरा.

मी पुसायला हात पुढे केला. आणि बघतो तर मी, फरशी बसवणारा माणूस, हाताची पाठ पुढे केली होती.

पाणी कोमट होतं. साबणाचा वास होता.